छायाचित्रकाराची पडशी

१८५७ सालच्या डिसेंबर महिन्यात मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार कॅप्टन लिनीअस ट्राइप हा दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्याचे सामान वाहून नेण्यास चार बैलगाड्या लागल्या. त्या काळी छायाचित्र म्हणजे केवळ एक पेटी आणि तिच्या तोंडाशी बसविलेले भिंग एवढाच प्रकार नव्हता. कागद, मेण, रसायने, ती रसायने कालविण्याची भांडी, धुण्यासाठी पाणी आणि भरदिवसा काळोख निर्माण करण्याची सोय असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. शिवाय ट्राइपचा कॅमेरा मोठा. त्यातून निघणारे कागदी निगेटिव्ह सुमारे पंधरा इंच लांबीचे असे. श्रीरंगम्, तिरुचिरापल्ली, मदुरा, पुदुक्कोट्टै, तंजावर अशी त्याची वाट होती. १८५८ च्या एप्रिलअखेरीस, म्हणजे उन्हाळा पेटत असताना, हा दौरा संपला.

तंजावरचे मराठ्यांचे राज्य संपून तेव्हा अडीच-तीन वर्षेच झाली होती. १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांचा पुत्रसंतान नसताना अंत झाला आणि कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. त्या ताज्या घटनेच्या पाठोपाठ ट्राइपच्या गाड्या त्या गावात शिरल्या. ज्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्याच देवळाच्या पायथ्याशी चोळकालीन तमिळ लेखांच्या ओळी आहेत. ट्राइपने त्या लेखांची एकवीस छायाचित्रे घेऊन ती एकापुढे एक जोडली. सारी मिळून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार झाला. एकवीस वेळा तो अवजड कॅमेरा उचलावयाचा, तितकाच सरकवावयाचा, पुन्हा तितक्याच उंचीवर आणि तितक्याच अंतरावर ठेवावयाचा, आणि हे सारे करताना ओल्या कागदाला धूळ लागू द्यावयाची नाही, ही गोष्ट सोपी नव्हे. सामान नीट वाहिले गेले नसते, एखादी पेटी पावसात भिजली असती किंवा एखादे भिंग गाडीच्या हिसक्याने तडकले असते, तर ते काम तेथेच संपले असते. पुढे १८५९ साली चार्ल्स ट्रेव्हेलियन हा मद्रासचा गव्हर्नर झाला. छायाचित्रण ही सरकारी तिजोरीस न परवडणारी चैन आहे असा त्याने निर्णय दिला आणि ट्राइपचे खाते बंद झाले. खर्चाची काटकसर करणाऱ्यांच्या हातून अशा गोष्टी घडतात. चार गाड्यांचे भाडे वाचले असेल, परंतु नंतर उभ्या इलाख्यात त्या तोडीचे काम करणारा माणूस सरकारजवळ राहिला नाही.

आज त्याच चेन्नईत छायाचित्रणाचा सारा सरंजाम एका माणसाच्या खांद्यावर मावतो. गाडीवान गेला, हमाल गेला. दोघांचे काम एका थैलीकडे आले. तरीही ही थैली निवडताना बहुतेक माणसे जेवढा विचार करतात तेवढा चपला घेतानाही कमी पडावा. कॅमेऱ्यासाठी लाख-दीड लाख रुपये मोजणारा गृहस्थ थैलीच्या वेळी मात्र दुकानदार जी पुढे करील ती उचलतो, किंवा कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेल्या थैलीवर समाधान मानतो. भिंगांच्या नाशाची कारणे शोधू लागल्यास पडझड आणि चोरी यांच्या बरोबरीने ही बेफिकिरी पुढे येते. आणि ज्याचे पोट कॅमेऱ्यावर आहे, अशा लग्नमंडपातल्या छायाचित्रकाराचे भिंग खराब झाले तर त्याचा तो केवळ हिरमोड नसतो. पुढच्या मुहूर्तांची कमाई त्यात अडकलेली असते.

थैली पाहण्यापूर्वी तिच्यात काय भरावयाचे हे ठरले पाहिजे. हे सांगणे भाबडेपणाचे वाटेल, पण येथेच पहिली चूक होते. मनुष्य थैली मोठी घेतो आणि मग रिकामा कप्पा डोळ्यांना खुपतो म्हणून त्यात आणखी एक भिंग ठेवतो. व्यावसायिक दर्जाचा एक कॅमेरा आणि त्याचे नित्याचे भिंग मिळून दीड-पावणेदोन किलो होतात. दूरचे टिपणारे भिंग आणखी दीड किलो. झगमगता दिवा, विद्युत्घट, तारा, पुसण्याची फडकी, पाण्याची बाटली असे करता करता आकडा सहा-सात किलोंवर जातो. त्यात रिकाम्या थैलीचे स्वतःचे वजन दोन किलो असले, तर माणूस दिवसभर दोन किलो कापड आणि स्पंज उगाचच वाहत असतो. म्हणून दुकानात गेल्यावर प्रथम रिकामी थैली हातात तोलून पाहावी. ती रिकामी असतानाच जड लागली, तर तिचे बाकीचे गुण ऐकून घेण्याचे कारण नाही.

अर्थात वजनाचा बाऊ न करणारी माणसेही याच शहरात होऊन गेली. मैलापूरचे निसर्गलेखक एम. कृष्णन् हे १९१२ साली जन्मले आणि १९९६ साली वारले. रानातल्या हत्तींची आणि गव्यांची कृष्णधवल छायाचित्रे घेण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे अवयव एकत्र जोडून स्वतःपुरता एक कॅमेरा सिद्ध केला होता. त्या अवजड धुडाला त्यांनी थट्टेने नाव दिले ‘सुपर पाँडेरोसा’. तसल्या यंत्राला बाजारात तयार थैली कोठून मिळणार! परंतु कृष्णन् यांना आपल्याला कोणते प्राणी, कोठे आणि किती अंतरावरून टिपावयाचे आहेत हे पक्के ठाऊक होते, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्याला ओझ्याची निवडही करता येते. वेडंतांगलच्या पक्ष्यांसाठी पहाटे निघणारा, मरीनावर सूर्योदय टिपणारा, कपालीश्वराच्या उत्सवातल्या गर्दीत घुसणारा आणि कल्याणमंडपात मुहूर्ताची वाट पाहणारा या चौघांना एकच थैली सोयीची पडावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

चेन्नईत मात्र या चौघांचाही एक शत्रू समान आहे. तो म्हणजे तेथील हवा. पुण्या-नाशिकच्या माणसाला तिची कल्पना सहसा येत नाही. मुंबईकराला आणि गोवेकराला थोडी येईल. मुंबईचा पाऊस चार महिने कोसळून निघून जातो आणि नंतर हवा कोरडी होते. चेन्नईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचाच पडतो. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्येकडून येतो. वर्षभरात सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला अर्ध्याहून अधिक या तीन महिन्यांतला. पण पाऊस नसतानाही समुद्र जवळच असतो, आणि हवेतील आर्द्रता बहुतेक दिवशी सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते. बुरशीला याहून अधिक काही लागत नाही.

भिंगावरची बुरशी हा प्रकार पुष्कळांना भिंग हातचे गेल्यावरच कळतो. बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात आणि भिंगांच्या जोडीमधल्या फटींतही ते पोचलेले असतात. काळोख, उबारा, स्थिर हवा आणि ओलावा एवढे मिळाले की ते रुजतात. प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. त्या वेळी भिंग उघडून पुसले तर ते वाचते. दुर्लक्ष झाल्यास बुरशीतून निघणारी आम्ले काचेवरच्या पातळ लेपाला, आणि पुढे काचेलाही, खातात. मग पुसून बुरशी जाते पण तिची नक्षी राहते, आणि प्रकाशासमोर धरलेल्या प्रत्येक चित्रावर धुरकट पडदा येतो.

आता काळोख, उबारा, स्थिर हवा आणि ओलावा ही चारही सुखे एकत्र कोठे नांदतात असे विचारले, तर उत्तर ‘बंद केलेल्या कॅमेऱ्याच्या थैलीत’ असे आहे. थैलीतला मऊ स्पंज हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि सावकाश सोडतो. मरीनावर सकाळी वापरलेला कॅमेरा घामेजल्या हातांनी थैलीत ठेवला, चेन ओढली, थैली कपाटात टाकली आणि पुढच्या रविवारी उघडली, की बुरशीला एक आठवड्याची मेजवानी झाली. म्हणून चेन्नईतल्या जाणत्या माणसांचा पहिला नियम असा की थैली ही वाहण्याची वस्तू आहे, साठवण्याची नव्हे. घरी येताच सामान बाहेर काढावे, थैली उघडी टाकून वाळू द्यावी, आणि कॅमेरा व भिंगे हवाबंद डब्यात किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या विजेवर चालणाऱ्या कोरड्या कपाटात ठेवावीत. कपाट परवडत नसेल तर स्वयंपाकघरात पिठासाठी वापरतात तसला रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो. त्यात सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखविणारे छोटे घड्याळ ठेवावे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. हवा त्याहून फार कोरडी करण्याचा हव्यास नको.

सिलिका जेलविषयी एक गैरसमज रूढ आहे. थैलीच्या कोपऱ्यात एक पुडी टाकली की वर्षाची चिंता मिटली असे लोक समजतात. कापडी थैली हवाबंद नसते. ती पुडी साऱ्या खोलीतला, किंबहुना साऱ्या चेन्नईचा ओलावा शोषू पाहते आणि एक-दोन दिवसांत तृप्त होऊन स्वस्थ बसते. बंद डब्यात ती पुष्कळ दिवस पुरते. रंग बदलणारे जेल घ्यावे म्हणजे ते भरल्याचे कळते. मंद आचेवर तापविले की ते पुन्हा कामाला येते. निळ्या रंगाच्या जातीत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा ती पोळ्यांच्या तव्यावर तापवू नये. तांदळाच्या पुरचुंडीने ओलावा विशेष कमी होत नाही, उलट तांदळाची पूड मात्र भिंगाच्या खाचांत जाते. कपड्यांत ठेवतात त्या डांबरगोळ्या तर कॅमेऱ्याजवळ आणूच नयेत.

तथापि हीच बंद थैली एका प्रसंगी कॅमेऱ्याचा बचावही करते. तमिळ ब्राह्मणांच्या विवाहात काशीयात्रेचा विधी असतो. नवरदेव छत्री, काठी व पंखा घेऊन, आपण संसार न करता काशीस निघालो असे दाखवीत मांडवाबाहेर पडतो आणि वधूपिता त्याची समजूत घालून त्याला परत आणतो. हा सोहळा पाच-दहा मिनिटांचा आणि तो पुन्हा होत नाही. छायाचित्रकार रात्रभर थंडगार केलेल्या सभागृहात बसलेला असतो. नवरदेव रस्त्यावर येतो तसा तोही धावतो आणि कॅमेरा डोळ्याला लावतो, तो समोर सारे धुके! बाहेरची हवा ३२ अंश उष्ण असेल आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर सुमारे २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातील बाष्पाचे दव बनते. सभागृहातले भिंग २४ अंशांवर असते. ते पुसले तरी पुन्हा धुकटते, कारण काच थंड आहे तोवर दव पडतच राहणार. एवढ्या अवधीत नवरदेव परत मांडवात गेलेला असतो, आणि वधूवरांच्या आल्बमात ते पान कोरे राहते.

यावर उपाय साधा आहे. मुहूर्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास कॅमेरा थैलीत घालून थैली बंद करावी आणि ती तशीच बाहेरच्या ओसरीवर, नजरेसमोर, ठेवून द्यावी. आतले सामान हळूहळू तापते आणि बाहेरची दमट हवा त्याला सहसा शिवत नाही. थैलीच्या आत आणखी एक घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी वापरली तर अधिक चांगले. जाड अस्तराच्या थैलीला या कामासाठी पाऊण तासाहूनही अधिक वेळ लागेल, हे लक्षात ठेवून आधीच सुरुवात करावी. वातानुकूलित मोटारीतून वेडंतांगलला जाणाऱ्यानेही हेच करावे. किंवा निदान शेवटचे काही मैल यंत्र बंद ठेवून खिडक्या उघडाव्यात. पक्षी पाहण्यास निघालेल्या माणसाला तेवढी बाहेरची हवा मानवावयास हरकत नाही.

थैली कशाची असावी, या प्रश्नात चेन्नईचा एक विशेष अभिमान गुंतलेला आहे, कारण हे कातड्याचे शहर आहे. तरवडाच्या सालीने कातडे कमावण्याची विद्या या प्रांतात जुनी. तरवडाला तमिळमध्ये आवारम् म्हणतात. आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारे तेच झुडूप. त्या सालीने कमावलेले मद्रासचे कातडे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारात नावाने विकले जाई. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत आल्यावर शहराच्या एका उपनगराला क्रोमपेट हेच नाव पडले, आणि १९४८ साली केंद्रीय चर्मसंशोधन संस्था अड्यार येथेच स्थापन झाली. तेव्हा कातड्याची सुबक, तपकिरी, पितळी बकलांची थैली दुकानात पाहून मन मोहावे यात नवल नाही. ती दिसते देखणी, घासली जाते तशी अधिक खुलते आणि बापाकडून मुलाकडे जाते.

परंतु कॅमेऱ्यासाठी चेन्नईत ती घेऊ नये असेच म्हणावे लागते. कातड्यावर स्वतःच बुरशी येते. विशेषतः झाडाच्या सालीने कमावलेल्या. जुन्या कॅमेऱ्यांबरोबर मिळणाऱ्या कातडी म्यानांत वर्षानुवर्षे पडून राहिलेली भिंगे पाहिली म्हणजे याची खात्री पटते. भिजलेले कातडे वाळण्यास वेळ लागतो आणि वाळल्यावर कडक होते. त्याचे वजनही फार. शिवाय काही देवळांत कातडी वस्तू आत नेऊ देत नाहीत, आणि चेन्नईच्या छायाचित्रकाराचे अर्धे काम देवळांच्या आसपास असते.

जाडेभरडे सुती कॅनव्हास ही दुसरी जात. परदेशातल्या दोन नामांकित थैल्यांची कथा येथे सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात मार्टिन बिलिंगहॅम याने १९७३ साली मासे धरणाऱ्यांसाठी थैल्या शिवण्याचा धंदा सुरू केला. काही वर्षांनी त्याच्या ध्यानात आले की अमेरिकेत त्या विकत घेणारे लोक मासे धरीतच नाहीत, त्यांत कॅमेरे ठेवतात! अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार जिम डॉमके याने त्याच दशकात अगदी साधी, मऊ, अंगालगत बसणारी कॅनव्हासची थैली स्वतःसाठी तयार केली. ती इतर वार्ताहरांनी उचलली. या दोन्ही थैल्यांचा गुण असा की त्या कॅमेऱ्याच्या थैल्या वाटत नाहीत. गर्दीच्या ठिकाणी ही मोठीच सोय आहे. ज्या थैलीवर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत झळकते ती चोराला आत काय आहे ते वाचूनच दाखवते. कॅनव्हासला हवा लागते, ते फाटल्यास कोणताही मोची शिवून देतो. पण मेण न दिलेले सुती कापड पावसात जड होते आणि ओले राहिल्यास त्याला वास येऊन काळे ठिपके पडतात. रोज उन्हात वाळविण्याची शिस्त असलेल्यानेच ते घ्यावे.

राहिले नायलॉन आणि पॉलिएस्टर. दिसावयास रूक्ष, पण हलके, चिवट आणि लवकर वाळणारे. चेन्नईला हेच योग्य. मात्र आतल्या बाजूस जो पातळ लेप असतो तो पाहून घ्यावा. दमट हवेत पॉलियुरेथेनचा हलका लेप काही वर्षांत चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटू लागतो आणि ते पापुद्रे भिंगावर बसतात. जुन्या थैलीत हात घातल्यावर तो चिकट लागला तर तिची माया सोडावी. पाण्याचा बंदोबस्त कापडापेक्षा शिवणीवर आणि चेनीवर अवलंबून असतो. कापड उत्तम असूनही सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. म्हणून थैलीच्या तळाशी दडविलेली पावसाळी टोपी, म्हणजे सबंध थैलीवर चढविता येणारे मेणकापडासारखे आवरण, असलीच पाहिजे. २०१५ सालच्या १ डिसेंबरला तांबरम् भागात चोवीस तासांत ४९ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडला. तसल्या पावसापुढे कोणतेही आवरण टिकत नाही. त्या पुराने दुसरीच गोष्ट शिकविली, ती ही की सामान तळमजल्यावर खालच्या फळीवर ठेवू नये. पण रोजच्या सरींना आवरण पुरते. तळ मात्र जाड, रबरी किंवा निदान दुहेरी कापडाचा पाहावा. कासीमेडूच्या मासळीबंदरातल्या ओल्या फरशीवर थैली एकदा टेकविली की त्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चेनीची पारख तिला दहा वेळा उघडून मिटून करावी, आणि तीही थैली भरलेली असताना. वळणावर अडखळणारी चेन पुढे दगा देते. खारट वाऱ्यात साधी धातूची चेन गंजते, म्हणून जाड दात्यांची प्लास्टिकची बरी. तिच्यात वाळू शिरली तर ओढाताण न करता जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने झाडून घ्यावी आणि मेणबत्तीचा तुकडा वरून फिरवावा. चेनीच्या जागी वेल्क्रो असलेल्या थैल्याही मिळतात. त्या झटकन उघडतात हे खरे. पण डिसेंबरात, मार्गळी महिन्याच्या संगीतोत्सवात, म्युझिक अकादमीच्या सभागृहात किंवा मैलापूरच्या एखाद्या सभेत गायक आलापीच्या मंद्रात उतरला असता तिसऱ्या रांगेतून वेल्क्रोचा ‘चर्रर्र’ असा आवाज निघाला, की साऱ्या रसिकांच्या माना एकदम ज्या दिशेला वळतात, त्या दिशेला बसलेल्या छायाचित्रकाराला पुढच्या वर्षी परवानगी मिळणे अवघड.

थैली एका खांद्यावर घ्यावी की पाठीवर, हा वाद मिटणारा नाही. एका खांद्याच्या थैलीतून भिंग चटकन काढता येते, बदलता येते. पण चार किलोंच्या पुढे ओझे गेले की तो खांदा, मान आणि पाठ यांना त्याची किंमत मोजावी लागते, आणि ही किंमत तिशीत कळत नाही, पंचेचाळिशीत कळते. निदान पट्टा रुंद असावा आणि तो गळ्यातून तिरपा घालावा. पाठीवरच्या थैलीत भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो, आणि कमरेचा पट्टा नीट आवळला तर त्यातील मोठा हिस्सा कमरेवर उतरतो. पण चेन्नईच्या उकाड्यात पाठ भिजते. तो घाम थैलीत झिरपतो, म्हणून पाठीच्या बाजूला हवा खेळेल अशी जाळी पाहावी. पंगुनी महिन्यात कपालीश्वराच्या त्रेसष्ट नायन्मारांच्या पालख्या निघतात त्या दिवशी मैलापूरच्या माडवीथींत तीळ ठेवण्यास जागा नसते. त्या गर्दीत पाठीवरची थैली म्हणजे मागच्याच्या हाती दिलेली किल्ली. तेथे ती पोटावर घ्यावी. उपनगरी आगगाडीतही तसेच. ज्या थैलीचे तोंड पाठीला चिकटलेल्या बाजूस उघडते ती गर्दीला अधिक सुरक्षित, आणि चिखलात ठेवतानाही सोयीची, कारण मळते ती बाहेरची बाजू आणि उघडते ती स्वच्छ बाजू. दुचाकीवरून जाणाऱ्याने थैली पायांपाशी ठेवू नये. तेथे धक्के आणि थरथर थेट सामानाला पोचतात, भिंगांचे बारीक स्क्रू ढिले होतात. माणसाच्या पाठीवर असताना माणसाचे शरीरच ते धक्के पचवते.

विमानाने जावयाचे तर आणखी एक हिशोब असतो. देशांतर्गत प्रवासात हातात नेण्याच्या सामानाला बहुधा सात किलोंची मर्यादा असते. सुटे लिथियमचे विद्युत्घट विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवण्यास बंदी आहे. ते हातातल्या थैलीतच, टोके झाकून, ठेवावे लागतात. म्हणजे विद्युत्घट, कॅमेरा आणि भिंगे बरोबर, आणि तिवई खाली, ही विभागणी आपोआप ठरते. अजून फिल्म वापरणारे हौशी लोक आहेत. त्यांनी फिल्मची रिळे पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून, यंत्रातून न घालता हाताने तपासण्याची विनंती करावी.

खरेदीला जाताना आपले सगळे सामान घेऊन जावे. दुकानदार कागदाचे गोळे भरलेली थैली दाखवितो. ती सर्वांनाच सुंदर दिसते. आपला कॅमेरा भिंगासकट आत ठेवून, चेन लावून, ती थैली खांद्यावर घेऊन दुकानात दहा मिनिटे उभे राहावे. खाली वाकून पाहावे, म्हणजे वरचे झाकण आपोआप उघडते की काय ते कळेल. नकळत उघडी राहिलेली झाकणे पुष्कळ भिंगांच्या मुळावर आली आहेत. आतले पडदे सरकविता येतात का, आणि ते कॅमेऱ्याच्या वजनाने वाकून भिंगे एकमेकांवर आपटतात का, हे पाहावे. पट्टा जेथे थैलीला शिवलेला असतो ती जागा बोटांनी चाचपावी. शिवण एकेरी असेल तर थैली कितीही स्वस्त असली तरी ती महाग आहे. आतले अस्तर फिक्या रंगाचे असले तर पडलेली बारीक टोपणे सापडतात. काळ्या अस्तरात ती हरवतात.

आणि समुद्रावरून आलेल्या थैलीची त्याच रात्री व्यवस्था लावावी. सारे कप्पे रिकामे करून ती उलटी झटकावी, पडदे काढून वेगळे ठेवावेत. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने बाहेरची बाजू, बकले आणि चेनीचे दाते पुसून घ्यावेत, म्हणजे मीठ निघते. मग ती पंख्याखाली, तोंड उघडे ठेवून, उलटी टांगावी. सकाळी ती हाताला कोरडी लागली, तरी स्पंज दोन बोटांत दाबून पाहावा. तो अजून गार लागत असेल, तर दुसरा दिवसभर तिला तशीच टांगलेली राहू द्यावी.